ब्रेकचा दिवा आणि बाईंचा अबोला

"दोन बोल्ट आणि चार वायरी," काटेसाहेब म्हणाले. "एवढ्याशा कामासाठी लोक गॅरेजात गाडी टाकून दोन-दोन दिवस ताटकळत बसतात. मी शनिवारच्या चहाच्या आत हात धुऊन मोकळा होतो की नाही बघ."

हे ते आपल्या मुलीला सांगत होते. मुलगी वडिलांकडे बघत होती आणि मधूनमधून दारातून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होती. गाडी अठरा वर्षांची. रंग मुळात कोणता होता यावर गल्लीत दोन मतं होती. या गाडीला मागे ट्रेलर ओढायचा आकडा बसवायचा, ट्रेलरच्या दिव्यांसाठी वायरी ओढायच्या आणि रविवारी त्या ट्रेलरवरून मुलीची खुर्ची आणायची, असा साहेबांचा बेत होता.

खुर्ची म्हणजे साधीसुधी नव्हे. मुलगी दातांची डॉक्टर. तीन वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात राबल्यावर आता सोमवारी तिचा स्वतःचा दवाखाना उघडणार होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या दंतवैद्यानं काम बंद केलं होतं, त्याची मागेपुढे होणारी, वरखाली होणारी भलीमोठी खुर्ची तिनं घेतली होती. खुर्ची बसवून देणारा कारागीर रविवारी एक वाजेपर्यंतच दवाखान्यात थांबणार होता. त्यानंतर तो आठवडाभर परगावी. म्हणजे एकच्या आत खुर्ची पोचली नाही, तर सोमवारी सकाळी नऊला वेळ दिलेल्या पेशंटला स्टुलावर बसवून दात काढायची पाळी मुलीवर आली असती.

आता काटेसाहेबांविषयी. त्यांचं आडनाव काटे नव्हे. बत्तीस वर्षं ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानादुकानात जाऊन तराजूचा काटा डोळ्यांत तेल घालून बघायचे, म्हणून हे नाव पडलं. ते नाक्यावर दिसले की भाजीवाले पारड्यावरचा अंगठा आपोआप उचलत. मात्र दुसऱ्याच्या कामात खोट काढण्यात आयुष्य गेल्यामुळे स्वतःच्या हातानं काही ठोकायची, जोडायची वेळ कधी आली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायची इतकी सवय जडली होती, की निवृत्त झाल्यावर उंट गेला तरी साहेब काही खाली उतरले नव्हते.

खरं तर खुर्चीची सोय आधीच झाली होती. साहेबांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या, सारी गल्ली त्यांना बाई म्हणायची. शाळेची बाकं वाहणाऱ्या टेम्पोवाल्याला बाईंनी पंधरा दिवस आधी सांगून ठेवलं होतं. बुधवारी सकाळी साहेबांनी त्याला फोन केला आणि "घरची गाडी असताना टेम्पो कशाला" असं म्हणून परस्पर नको म्हणून सांगितलं. ना मुलीला विचारलं, ना बाईंना.

तुम्ही म्हणाल, हा निव्वळ आगाऊपणा. होताच. पण त्यात आणखीही काही होतं. मुलगी डॉक्टर झाली ती बाईंमुळे. अभ्यास बाईंनी घेतला, पहाटेचे गजर बाईंनी लावले, परीक्षेच्या दिवसांत उशापायथ्याशी बसल्या त्या बाईच. साहेबांनी काय केलं? प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या. त्याही तारीख तपासून. मुलीनं कधी काही मागितलं नाही आणि यांना कधी काही सुचलं नाही. आता ती आपल्या पायावर उभी राहणार, तर त्या पायाखाली निदान एक वीट आपल्या हातची असावी असं त्यांना फार मनापासून वाटत होतं. पण हे तोंडानं सांगायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यापेक्षा आकडा बसवणं सोपं वाटलं.

टेम्पोचं कळलं तेव्हा बाई भांडल्या नाहीत. गॅस बारीक केला, "बरं" म्हणाल्या, आणि तो त्यांचा त्या आठवड्यातला साहेबांशी शेवटचा शब्द.

बाईंचा अबोला हा काही येरागबाळ्याचा रुसवा नव्हता. त्याला नियम होते. चहा वेळेवर मिळायचा, फक्त कप जरा जोरात टेकला जायचा. साहेबांना बोलायला पूर्ण मोकळीक, उत्तर मात्र शब्दांत मिळायचं नाही. घर तर चालायला हवं, म्हणून इतक्या वर्षांत एक पद्धत पडून गेली होती. साहेबांनी विचारायचं आणि बाईंनी हाताशी असेल त्या वस्तूवर वाजवून सांगायचं. एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. चमचा, लाटणं, खिडकीची कडी, काहीही चालायचं. हा अबोला सुटायची अटही एकच होती, साहेबांनी "माझं चुकलं" म्हणायचं. चौतीस वर्षांत ते त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. कधी पाहुणे येत, कधी कुणाला ताप येई, आणि अबोला आपोआप विरघळे. भिंतीवर घड्याळ वाकडं लावलं होतं तेव्हा तो अकरा दिवस टिकला होता, कारण साहेबांच्या मते भिंतच वाकडी होती.

गुरुवारी साहेब कामाला लागले. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीकडे एक जुना आकडा पडलेला होता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, गाडी इथंच ठेवा. दीड तासाचं काम आहे, मी करून देतो." साहेबांनी त्याच्याकडून आकडा घेतला, पाने घेतले, ड्रिल घेतलं आणि मिस्त्री तेवढा तिथंच ठेवून आले.

जुनी चादर अंथरून ते गाडीखाली शिरले. बंपरचे बोल्ट अठरा वर्षं एका जागी बसून इतके माजले होते, की पाना लावला की पानाच फिरे. तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. दुपारपर्यंत एक बोल्ट निघाला, एक तुटला आणि साहेबांच्या भुवया गंजानं तांबड्या झाल्या. बंपर सुटला तो थेट पोटावर आला. मग आकडा वर धरून पाहिला, तर त्याची भोकं एकीकडे आणि गाडीची भोकं दुसरीकडे. आकडा दुसऱ्याच गाडीचा होता. साहेबांनी तीनदा मोजलं. वहीत लिहिलं. मग गाडीखालून बाहेर येऊन त्यांनी निर्णय दिला की गाडीच दोन बोटं कमी आहे.

बाई त्या वेळी पायरीवर शेंगा सोलत होत्या. त्यांनी ताटलीवर दोनदा टकटक केलं.

शेवटी साहेबांनी नवी भोकं पाडली. ड्रिलच्या आवाजानं गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत राहायला गेली. पण हे मान्य करायला हवं की आकडा बसला तो असा बसला, की संध्याकाळी मिस्त्रीनं येऊन त्याला दोन लाथा घातल्या आणि म्हणाला, गाडी मोडेल पण हा निघायचा नाही. त्या रात्री साहेब झोपेतही हसत होते, असं बाईंनी मुलीला फोनवर सांगितलं.

शुक्रवार वायरींचा. ट्रेलरला मागे दिवे असतात. मोटार थांबायला लागली की ट्रेलरचाही ब्रेकचा लाल दिवा लागला पाहिजे, नाहीतर मागून येणाऱ्याला कळणार कसं? मिस्त्रीनं बजावलं होतं की गाडीच्या मागच्या बाजूच्या वायरी जुन्या झाल्यात, हात लावला की वरचं रबर भुगा होऊन हातात येतं. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पुढे स्टेअरिंगखाली ब्रेकची वायर सापडेल, तिला नवी वायर जोडा आणि ती मागपर्यंत ओढा.

साहेब स्टेअरिंगखाली डोकं आणि सीटवर पाय अशा अवस्थेत दोन तास होते. तिथं वायरींचा एक जुडगा होता. कोणे एके काळी त्यांत हिरवी, निळी, तपकिरी असे भेद असावेत. अठरा वर्षांच्या धुळीनं सगळ्यांना एका रंगात आणलं होतं. साहेबांनी त्यातली एक निवडली. कोणत्या आधारावर, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. वायर सोलली, जोडली, पट्टी गुंडाळली. ती ब्रेकची नव्हती. ती हॉर्नची होती.

हे तुम्हाला-मला आत्ता कळलं. साहेबांना कळायला अजून दोन दिवस होते.

शनिवारी दुपारी रोपवाटिकेवाल्याकडून मागून आणलेला ट्रेलर दारात आला. कोपऱ्यात सुकलेली माती होती, बाकी दोन चाकं, चार फळ्या, दोन दिवे असा ठीक होता. आकड्याला जोडला, वायरींचा सॉकेट बसवला, आणि आता तपासणी. तपासणी म्हटल्यावर साहेबांच्या अंगात जुना निरीक्षक संचारला. पण एक माणूस गाडीत बसून ब्रेक दाबणार आणि एक मागे बसून दिवा बघणार, म्हणजे माणसं दोन लागतात. मुलगी दवाखान्यात भिंती रंगवून घेत होती. साहेबांनी खिडकीखाली उभं राहून विचारलं, जरा येतेस का? आतून बराच वेळ काही नाही. मग खिडकीची कडी एकदा वाजली.

बाई येऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. सरळ समोर बघत. साहेब ट्रेलरमागे उकिडवे बसले, नाक ट्रेलरच्या दिव्याला लावून. डावा इंडिकेटर लागला, उजवा लागला, साधे दिवे लागले. ते तर दिसतच होतं, त्यामुळे विचारायची गरज पडली नाही.

"आता ब्रेक दाब."

बाईंनी दाबला. दिवा ढिम्म.

"दाबलास का?"

गाडीत चमचा नव्हता, लाटणं नव्हतं. हाताशी हॉर्न होता. बाईंनी तो एकदा वाजवला. हो.

आणि त्याच क्षणी साहेबांच्या डोळ्यांसमोर लाल दिवा लखकन लागला आणि विझला.

साहेब उडालेच. लागला होता, लागला होता, पाय काढू नकोस, दाबून धर, असं ते ओरडले. बाई बिचाऱ्या दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसल्या होत्या. दिवा विझलेलाच.

"धरलायस ना?"

एक हॉर्न. दिवा लागला, विझला.

"अगं मग सोडतेस कशाला? आत्ता सोडलास की नाही?"

दोन हॉर्न. नाही. दिवा दोनदा लागला, दोनदा विझला.

नाही म्हणते आणि डोळ्यांदेखत दोनदा सोडते! साहेबांना हा अबोल्यातलाच एखादा नवा प्रकार वाटला. त्यांनी शांतपणे समजावलं, ब्रेक म्हणजे काय, पाय म्हणजे काय, तो ठेवायचा कसा. प्रत्येक वाक्यानंतर विचारलं, कळलं ना? प्रत्येक वेळी हॉर्न वाजला आणि प्रत्येक वेळी दिवा लागून विझला. एव्हाना गल्लीतले लोक गॅलऱ्यांत आले होते. समोरचे आजोबा तर खुर्ची घेऊनच बसले.

शेवटी साहेब म्हणाले की शाळेत मुलांना शिस्त शिकवणाऱ्या बाईला एक पाय अर्धा मिनिट एका जागी ठेवता येत नाही, हे आश्चर्य आहे.

त्यावर बाईंनी जे काही त्यांना बोलायचं होतं, बुधवारपासून साठलेलं, ते सगळं हाताच्या तळव्यात आणलं आणि तळवा हॉर्नवर ठेवला. हॉर्न वाजत राहिला. गल्लीभर, नाक्यापर्यंत, पार मिस्त्रीच्या गॅरेजापर्यंत. आणि ट्रेलरचा दिवा अर्धा मिनिट असा लखलखीत, असा अखंड लागला, की साहेबांचा चेहरा त्या लाल उजेडात उजळून निघाला.

"आता कसं?" ते म्हणाले. "असाच पाय ठेवायचा."

मग त्यांनी वहीत लिहिलं, ब्रेकचा दिवा तपासला, योग्य आढळला. खाली सही, तारीख.

रविवारी साडेअकराला म्हाताऱ्या दंतवैद्याच्या दारातून खुर्ची ट्रेलरवर चढली. चार माणसं लागली. घोंगड्यांत गुंडाळून, दोरांनी बांधून ठेवल्यावर ती एखाद्या आजारी नातेवाइकासारखी दिसत होती. तिच्या आडोशानं गाडीचे स्वतःचे मागचे दिवे पार झाकून गेले. मागून येणाऱ्याला आता दिसायचे ते फक्त ट्रेलरचेच. साहेब एकटे गाडीत बसले. बाई मुलीच्या छोट्या गाडीत बसल्या, आणि मुलगी वडिलांच्या मागोमाग निघाली.

पहिल्या चौकात साहेबांनी ब्रेक लावला आणि मागे टायर किंचाळले. त्यांनी आरशात बघितलं. आरशात नुसतं घोंगडं. पुन्हा निघाले, पुन्हा थांबले, पुन्हा किंचाळी, आणि पाठोपाठ कुणाचा तरी रागीट हॉर्न. साहेबांना दुसऱ्याचा हॉर्न ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्यांनीही उलट दणकून वाजवला. रस्ता समोर मोकळा, गाडी वेगात, आणि हॉर्नबरोबर मागे लाल दिवा. मागच्या सगळ्यांनी जिवाच्या आकांतानं ब्रेक लावले. मग त्या सगळ्यांचे हॉर्न. त्यांना उत्तर म्हणून पुन्हा साहेबांचा. एक दुधाची गाडी त्यांना ओलांडून पुढे गेली, तिचा ड्रायव्हर जाता जाता साहेबांच्या डोळ्यांविषयी काहीतरी बोलला. साहेबांनी गाडीचा नंबर टिपून घेतला. लोकांना शिस्त म्हणून राहिली नाही, याबद्दल त्यांची आता खात्रीच पटली होती.

तेवढ्यात मुलगी बाजूला येऊन हातानं खुणा करू लागली. दोन्ही गाड्या पेट्रोल पंपावर उभ्या राहिल्या.

"बाबा, तुम्ही थांबता तेव्हा दिवा लागतच नाही. आणि हॉर्न वाजवता तेव्हा लागतो."

साहेबांनी हे हसण्यावारी नेलं. काल स्वतः तपासलंय, वहीत नोंद आहे, अर्धा मिनिट दिवा अखंड होता. मुलीनं आत हात घालून हॉर्न वाजवला. दिवा लागला. ब्रेक दाबला. दिवा ढिम्म.

साहेब दिव्याकडे बघत राहिले. मुलीनं विचारलं, काल ब्रेक कुणी दाबला होता? आईनं. आणि दाबलाय की नाही हे आई तुम्हाला कसं सांगत होती?

साहेबांनी मान वळवून बाईंकडे बघितलं. बाई लांबवर एका पाटीवर पेट्रोलचे भाव वाचत होत्या. फार लक्ष देऊन वाचत होत्या.

आता कुणीही शहाण्या माणसानं दोन शब्द म्हटले असते आणि प्रकरण मिटलं असतं. ते दोन शब्द साहेबांच्या घशापर्यंत आले असावेत, कारण ते एकदा खाकरले. पण बत्तीस वर्षांची सवय. ते म्हणाले, म्हणजे हिनं हॉर्न वाजवला नसता, तर वायर दुसरीच आहे हे मला तेव्हाच कळलं असतं. चूक तपासणीत झाली.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाईंनी तिसरीच्या वर्गाला वीस वर्षं शिकवली होती. त्या मुकाट्यानं गाडीत जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. जरा जोरात.

बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. वायर उकलून जोडत बसायला वेळ नव्हता. मुलीनं कारागिराला फोन केला. तो म्हणाला, एक म्हणजे एक, माझी गाडी आहे पुढे. फोन ठेवताना तिचा चेहरा बदलला. मुलगी लहानपणी पडली तरी रडायची नाही, नुसता खालचा ओठ दाताखाली धरायची. आत्ता तिनं तोच धरला होता.

मग साहेबांनीच तोड काढली, आणि ती खरंच चांगली होती. ब्रेक लावताना दर वेळी मी हॉर्नही वाजवतो. म्हणजे दिवा लागेल. तू फक्त हॉर्नकडे लक्ष ठेव. हॉर्न ऐकलास की थांब.

अशी वरात निघाली. वळण आलं, हॉर्न. खड्डा आला, हॉर्न. सिग्नल लाल झाला, लांब हॉर्न. समोरचे लोक दचकून बाजूला होत, सायकलवाले मागे वळून हात जोडत. एका म्हाताऱ्या गृहस्थांना साहेबांनी रस्ता ओलांडू देण्यासाठी गाडी थांबवली, म्हणजे अर्थातच हॉर्न वाजवत थांबवली. ते गृहस्थ मधोमध उभे राहून म्हणाले, अहो, एकीकडे थांबता आणि एकीकडे हाकलता, माणसानं करावं काय? पण मागे मुलीची गाडी अगदी शहाण्यासारखी, हॉर्नबरोबर थांबत, व्यवस्थित अंतर ठेवून येत होती. चार किलोमीटर एकही किंचाळी नाही. साहेबांना वाटलं, ब्रेकच्या दिव्याची जोडणी हॉर्नलाच असावी, असं एक निवेदन कुठंतरी द्यायला हरकत नाही.

पाऊणला पाच मिनिटं कमी होती. दवाखाना पुढच्याच वळणावर. त्याच्या अलीकडे मोठं रुग्णालय, रुग्णालयाच्या फाटकासमोर गतिरोधक, आणि गतिरोधकाशेजारी मोठी पाटी. शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नये. पाटीखाली वाहतूक पोलीस.

आयुष्यभर लोकांना नियम दाखवणारा माणूस. पाटी वाचली आणि स्टेअरिंगवरचा हात आपोआप उचलला गेला. हॉर्न वाजवावा तरी नियम मोडतो, न वाजवावा तरी घात. हा विचार पूर्ण व्हायच्या आत गतिरोधक आला आणि साहेबांनी ब्रेक दाबला. अगदी हलकेच, नियमानुसार, निःशब्द.

मागे मुलीचे कान हॉर्नवर होते. हॉर्न वाजला नाही.

धाडकन आवाज झाला. फार मोठा नव्हे, पण पुरेसा. छोट्या गाडीनं ट्रेलरला ढुशी दिली, ट्रेलरनं आकड्याला, आकड्यानं गाडीला. आकडा जागचा हलला नाही. हलले ते साहेब. जुन्या गाडीचा पट्टा नावालाच होता. त्यांचं तोंड स्टेअरिंगच्या मधोमध आदळलं, हॉर्न वाजला, आणि मागे लाल दिवा लागला. जेमतेम एक सेकंद उशीर झाला.

पोलीस आला तो हॉर्नसाठी आला. पाटी वाचता येते का, असं त्यानं विचारलं. साहेबांना सांगायचं होतं की पाटी वाचली म्हणूनच हे झालं, पण तोंडातून रक्त आणि "फ फ" एवढंच आलं. पोलिसानं घोंगडं उचलून बघितलं. खाली दातांच्या डॉक्टरची खुर्ची. त्यानं एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा साहेबांच्या तोंडाकडे.

"दवाखाना बरोबरच घेऊन फिरता वाटतं?" तो म्हणाला, आणि जाऊ दिलं.

मुलगी पांढरीफटक पडून धावत आली होती. बाईही आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पदरानं साहेबांची हनुवटी पुसली आणि पलीकडच्या दारानं येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. मुलीच्या बंपरला बोटभर खळगा पडला होता. खुर्चीला ओरखडासुद्धा नव्हता.

एकला सात मिनिटं कमी असताना खुर्ची दवाखान्यात पोचली. कारागीर पिशवी आवरत होता, ती त्यानं पुन्हा उघडली. खुर्ची मधोमध ठेवली गेली, घोंगडी निघाली, आणि पहिला पेशंट सोमवारची वाट न बघता त्याच क्षणी तिच्यावर आडवा झाला. खुर्चीला अजून वीज नव्हती, पाणी नव्हतं. खाली कारागीर झोपून बोल्ट आवळत होता, वर मुलगी बॅटरी धरून वडिलांच्या तोंडात बघत होती. पुढचा एक दात हलला होता आणि एकाचा टवका उडाला होता. तिनं दात दाबून जागेवर बसवला, कापसाचे दोन बोळे भरले आणि सांगितलं की अर्धा तास बोलायचं नाही. साहेब खालून तिच्या हातांकडे बघत होते. हात जराही थरथरत नव्हते. हिला हे सगळं येतं, हे त्यांना माहीत होतं, पण बघितलं आज पहिल्यांदा. त्यांचे डोळे भरून आले. मुलीला वाटलं दात दुखतोय.

बाई पायथ्याशी उभ्या होत्या. हाताची घडी, ओठ मिटलेले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना राहवेना. कापसातून त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. आकडा मी बसवला तो हलला का? नाही. तू काल हॉर्न न वाजवता नुसतं "हो" म्हणाली असतीस, तर यातलं काही झालं असतं का? नाही. कापसातून ते बाहेर आलं ते असं, "आआ ई अअअआ ओ अअआ आ?"

बाईंनी भुवया उंचावून मुलीकडे बघितलं.

आता दातांच्या डॉक्टरला काय, उघड्या तोंडानं बोलणारी माणसं समजून घेण्यातच तिचा जन्म जायचा. तिला अक्षर न् अक्षर कळलं. साहेबांनाही तिच्या डोळ्यांत दिसलं, की कळलंय. तिनं बॅटरी बंद केली.

"बाबा म्हणतायत," ती म्हणाली, "त्यांचं चुकलं."

साहेब ताडकन उठायला गेले. मुलीनं कपाळावर दोन बोटं ठेवून त्यांना परत झोपवलं आणि म्हणाली, हलायचं नाही, दात निघेल.

आणि बाई बोलायला लागल्या. बुधवारपासूनचं बोलल्या. टेम्पोवाल्यापासून सुरुवात केली, तो किती भला माणूस, त्याला काय वाटलं असेल, मग आकडा, मग गल्लीसमोर झालेली शोभा, मग ते वाकडं घड्याळ. मग आवाज एकदम उतरला आणि म्हणाल्या, "छातीला लागलं असतं म्हणजे? काय करायचं होतं मी?" आणि डोळे पुसून पुन्हा टेम्पोवाल्यावर आल्या. साहेब तोंडात बोळे घेऊन ऐकत पडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण चार दिवसांनी तो आवाज कानावर पडत होता, आणि त्यांना तो इतका बरा वाटला की मधेच त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपलात का, असं विचारून बाईंनी त्यांना हलवलं आणि पुढे चालू ठेवलं.

अर्ध्या तासानं मुलीनं बोळे काढले. आता तोंड मोकळं होतं. कारागीरसुद्धा पाना थांबवून खालून वर बघू लागला. साहेबांनी मुलीकडे बघितलं. ती पाठमोरी उभी राहून हात पुसत होती, आणि हात केव्हाच कोरडे झालेले असूनही पुसतच होती. त्यांनी बाईंकडे बघितलं. चार दिवस त्या चेहऱ्यावर कुलूप होतं, ते आत्ता कुठं निघालं होतं.

साहेब खुर्चीत उठून बसले. जीभ दातावरून एकदा फिरवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

बाईंनी पर्स उचलली, पदर सारखा केला आणि मुलीला विचारलं, "काय गं, काही म्हणाले का हे? मला मेलं काही ऐकूच आलं नाही."